उगवतीकडचा खांब

उगवतीकडच्या खांबाजवळची माती मी भिजवली नव्हती. वरून पाणी मारून नुसती काळी केली होती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. बापाला सांगायची गरज पडली नाही, कारण त्याला निम्मं ठाऊक होतं.

आता सांगतो आहे त्याला कारण शाळेतून आलेलं पत्र. शाळा स्मरणिका काढणार आहे आणि तीत 'आपले प्रेरणादायी खेळाडू' असा एक भाग आहे. त्यात पहिला मान माझा. ऑफिसात माझा फोटो टांगलाय म्हणे, डोक्याला फेटा, गळ्यात पदक. प्रतिकूल परिस्थितीवर आपण कशी मात केली ते नव्या पिढीसाठी चार पानांत लिहून द्यावं, अशी विनंती आहे. पत्र दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचवेना. परिस्थितीवर मी कसली मात केली? मात केली ती एका माणसावर, आणि तीही समोरून नाही.

त्याचं नाव इथं घालत नाही. ते माझ्या लिखाणात यावं असं मी काही केलेलं नाही.

आमचं गाव येरमाळ्याच्या अलीकडं. गावाचा खो-खोचा संघ होता आणि तो आसपास दबदबा राखून होता. नऊ गडी आणि एक बदली. नऊपैकी तिघं बौद्धवाड्यातले. छप्पन सालानंतर दीक्षा घेतलेली ती घरं. गाव मात्र तेव्हाही त्या वाड्याला जुन्याच नावानं हाक मारायचं आणि मीही मारायचो. मैदानावर आम्ही एकमेकांच्या पाठीला हात लावून खो द्यायचो. सामना संपला की माठ वेगळा, ओंजळ वेगळी. हे कुणाला खटकत नव्हतं असं लिहिलं तर खोटं होईल. त्यांना खटकत होतं. आम्हाला नव्हतं.

तो त्या तिघांतला एक, माझ्याच वर्गातला. खांबावरून सूर मारणं म्हणजे काय ते त्याला बघून कळायचं. पळणारा गडी खांबाला वळसा घालून निसटतो, तेव्हा पाठलाग करणारा खांबाला एका हातानं धरतो आणि सगळं अंग हवेत झोकून देतो. जमिनीला आडवा, दुसरा हात पुढं लांब. पळणाऱ्याच्या टाचेला बोट लागलं की गडी बाद. बाकीचे आम्ही सूर मारताना आधी जमीन बघायचो, मग गडी. तो जमीन बघतच नसे. आपण कुठं पडणार याचा हिशेब तो खांबापाशी पोचायच्या आधीच करून मोकळा झालेला असे, नुसता मातीचा रंग बघून. काळी दिसली म्हणजे भिजलेली, भिजलेली म्हणजे मऊ. आम्ही सगळेच तसं बघायचो. गावातल्या कुठल्याही गड्यानं तेच केलं असतं.

खांबाजवळची माती म्हणजे मोठा खटाटोप असतो. आमचं मैदान मुरमाड. दोन्ही खांबांजवळ वीतभर खणायचं, खडे वेचायचे, ओढ्यातला गाळ चाळून भरायचा आणि आदल्या संध्याकाळी पाणी सोडून तो पार तळापर्यंत मुरू द्यायचा. वर गोणपाट झाकायचं. सकाळी गोणपाट काढून वरून थोडा शिंतोडा. मग त्या मातीवर कुणीही कसाही पडला तरी नुसता धप्प असा आवाज येतो. पाणी मुरलं नाही तर तो गाळ सुकून विटेसारखा होतो.

गावानं त्याच्या सुराचं कधी कौतुक केलं नाही. जिंकून आलो की मिरवणूक निघायची, ती वेशीतून पाराकडं. वाड्याकडं जात नसे. "उडतंय लई," लोक म्हणायचे. "येईल खाली एक दिवस." मीही म्हणायचो. मी संघातला दहावा, बदली गडी. दोन वर्षं रेषेबाहेर बसून टॉवेल आणि चिंचेच्या गोळ्या सांभाळत होतो. त्याच्यामुळं मी बाहेर होतो असंही नाही, माझ्यापुढं आणखी दोघं होते. पण राग कुणावर तरी धरायचा असतो, आणि त्याच्यावर धरला तर गाव आपल्या बाजूला असतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याचं वर्णन करत बसत नाही, लोकांनी पुष्कळ केलंय. आड आटला, टँकर सुरू झाला. एक दिवसाआड यायचा. गावात आडात पाणी सोडायचे, वाड्यात दोन पिंपं भरून जायचे. वाड्याला घरटी दोन घागरी. त्याची आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जात होती, कामावर वाटत त्या सुकडीच्या पिठाच्या पुड्या आणून त्यावर घर चालवत होती. नवरा नव्हता. पोटी एवढा एकच.

त्या उन्हाळ्यात निरोप आला की आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याला खो-खोचा संघ उभा करायचा आहे. चेअरमनला खेळाचं वेड होतं. आमचा आणि तेर गावाचा सामना आमच्या मैदानावर ठेवा, कारखान्याची माणसं बघायला येतील, एक गडी उचलतील. उचलतील म्हणजे कामावर घेतील. टाइम ऑफिसात जागा, राहायला खोली. दुष्काळात. गावात सगळ्यांना माहीत होतं की तो गडी कोण असणार. त्याच्या आईलाही माहीत होतं. खडीच्या ढिगाऱ्यावर बसल्या बसल्या ती बायकांना सांगायची, "अजून म्हैनाभर. मग ह्यो हातोडा वड्यात टाकीन."

खेळाच्या सरांनी सामना घ्यायचं ठरवलं आणि अडलं ते पाण्यावर. खांबाजवळची माती भिजल्याशिवाय मी पोरांना उतरवणार नाही, सर म्हणाले. सरपंच पारावरून ओरडले, "मान्सं तहानली अन् तुमी मातीला पाणी पाजता व्हय? सर, डोस्कं ठिकाणावर हाय का?" आणि चार लोक हसले.

उत्तर त्याच्या आईनं दिलं. ती पाराच्या खाली, लांब उभी होती. म्हणाली, "आमच्या वाट्याचं घ्या. बारा घरं हायती. घरटी एक घागर देतो. एक दिस कळ काढू."

"बघ बाई," सरपंच म्हणाले, "मागनं बोंबलू नको."

"म्या कवा बोंबलले?"

दोन दिवसांनी संध्याकाळी बारा बायका बारा घागरी घेऊन मैदानावर आल्या. त्या ओळीनं येताना मला अजून दिसतात. काठोकाठ भरलेल्या घागरी, वर कडुनिंबाची डहाळी, हिंदकळू नये म्हणून. एकेक घागर त्याच्या आईनं वाकून बघितली आणि मगच ठेवू दिली. सहा इकडच्या खांबाला, सहा तिकडच्या. सर म्हणाले, "आता ह्याच्यावर सोडा." ह्याच्यावर म्हणजे माझ्यावर. बदली गड्याचं काम ते. बायका गेल्या. सरांना शाळेचं टपाल लिहायचं होतं, ते गेले.

मावळतीकडच्या खांबाला मी सहा घागरी घातल्या. नीट, हळूहळू, मुरत मुरत. मग उगवतीकडं गेलो आणि तिथं बसलो. का बसलो? दमलो होतो म्हणून असेल. सकाळीच सरांनी कारखान्याच्या माणसांना दाखवायची यादी केली होती आणि तीत नऊच नावं होती. घरी म्हैस दोन दिवस कोरडी होती, दूध सोसायटीत अर्धा लिटरसुद्धा जात नव्हतं आणि बाप सकाळ-संध्याकाळ माझ्यावर डाफरत होता. हे सगळं खरं आहे. पण म्हशीसाठी मी ते केलं असं कुणी म्हणालं तर मीच त्याला खोटं पाडीन.

कावड घरून आणली. दोन खेपांत चार घागरी घरी नेल्या.

बाप गोठ्यात होता. घागरींकडं बघून म्हणाला, "कुठलं रं?"

"ग्राउंडाचं."

"म्हंजी त्यांचं?"

"व्हय."

बाप उठून जवळ आला. मला वाटलं आता कानाखाली बसते. तो म्हणाला, "घरात नको नेऊ. म्हशीला पाज. जनावराला चालतं."

मी पाजलं. त्या बायकांच्या हातचं पाणी आमच्या घरातल्या कुणाच्या घशाखाली उतरलं नसतं, आणि म्हशीनं चार घागरी मान वर न करता ओढल्या. दुसऱ्या दिवशीचं दूध सोसायटीत गेलं. ते दूध गावातल्या कुणीतरी प्यालं असेल. मोकळ्या घागरी मी मैदानावर आणून बाकीच्यांत ठेवल्या.

पहाटे उठून गोणपाट काढलं. उरलेल्या दोन घागरी उगवतीच्या खांबाला हातानं सारख्या शिंपडल्या. बोटभर मातीसुद्धा भिजली नसेल. पण रंग आला. लांबून बघितलं तर दोन्ही खांब सारखे काळे. चांगलं जमलं, असं वाटलं मला. हे 'चांगलं जमलं' मी कधी विसरलो नाही.

मला काय हवं होतं? तो आपटावा, कातडं सोलावं, घाबरावा. त्यानं पुढचा सूर आखडता घ्यावा आणि कारखान्याच्या माणसांना दिसावं की हा काही एवढा मोठा नाही. हाड मोडावं असं मनात नव्हतं. एवढी सूट मी स्वतःला आजवर देत आलो आहे. विटेसारख्या जमिनीवर दोन हात उंचीवरून माणूस पडला तर काय होतं हे मला माहीत नव्हतं, असं मात्र नाही. मैदान मीच राखत होतो.

सामना ऊन चढायच्या आत सुरू झाला. त्यानं मावळतीच्या खांबावर पहिला सूर मारला आणि तेरचा गडी टिपला. धप्प. उठून माती झटकली आणि हसला. दुसरा सूरही तिकडंच. कारखान्याच्या दोन माणसांपैकी एकानं दुसऱ्याला कोपर मारलं. तिसऱ्या वेळी तेरचा सगळ्यात चपळ गडी उगवतीच्या खांबाला वळसा घालून निघाला आणि मागून पाठलाग करत आलेल्या त्यानं अंग झोकलं. टाचेला हात लागला. गडी बाद झाला. पंचानं शिट्टी मारली. ती शिट्टी आणि तो आवाज बरोबरच आले. धप्प नव्हता तो. लाकूड फुटल्यासारखा होता.

गळ्याजवळचं हाड मोडलं होतं आणि खांदा जागचा उतरला होता. तो डाव्या हातानं उजवा दंड धरून बसून राहिला आणि मातीकडं बघत राहिला. त्याला बैलगाडीत घालून रस्त्याला नेलं, तिथून एसटीनं उस्मानाबादच्या दवाखान्यात.

आणि सरांनी मला हाक मारली. बदली गडी मीच ना.

मी खेळलो. आयुष्यात खेळलो नव्हतो तसा खेळलो. चार गडी बाद केले, चारही मावळतीच्या बाजूला. उगवतीच्या खांबावर सूर मारायची वेळ आली की मी नुसता खो देऊन मोकळा व्हायचो. सामना संपल्यावर कारखान्याचा माणूस सरांना म्हणाला, "पोरगं डोक्यानं खेळतंय. त्या खांबाला आपल्याच गड्याचा घात झालेला बघितला अन् तिकडं फिरकलंच न्हाय. असाच पाहिजे." सर माझ्याकडं बघून हसले. मी पण हसलो.

इथवरचं सगळं कदाचित मी पचवलं असतं. माणूस पचवतो. पण पुढं जे झालं ते माझ्या जिभेनं झालं.

दुसऱ्या दिवशी सरांनी उगवतीच्या खांबाजवळ टाच आपटून बघितली. मग टोकदार काठी खुपसली. काठी जाईना. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. ती तिथं होती, त्याची आई. दवाखान्यातून रात्र काढून परत आलेली, पदर तोंडात धरलेला.

"सगळं पाणी घातलंस ना रे?" सरांनी विचारलं.

"घातलं सर."

"मग माती खाली कोरडी कशी?"

मी खाली बघितलं. म्हणालो, "घागरी उण्या होत्या सर. त्या बाजूच्या. निम्म्या-निम्म्याच होत्या."

ती म्हणाली, "सर, तोंडोतोंड हुत्या! म्या एकेक बघून ठिवली. ह्यालाच इचारा, ह्यो हुबा हुता. बाळा, सांग की खरं. तू बघितल्या न्हाय का?"

तिनं मला बाळा म्हटलं. मी म्हणालो, "मला उण्याच दिसल्या."

सरांनी माझ्यावर विश्वास ठेवला असं मला वाटत नाही. त्यांनी माझा शब्द खोडला नाही, एवढंच. माझा बाप पंचायतीत होता.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. टँकरच्या रांगेत लोक तिला ऐकवायला लागले. "देतो म्हणाली अन् निम्मं घरात ठिवलं. घे आता, पी!" कुणीतरी म्हणालं, "सोताच्या पोराचा खांदा इकला घागरभर पाण्यासाठी." रांगेत मीही होतो. सगळ्यात वाईट म्हणजे वाड्यातही तेच सुरू झालं. कुणाची घागर उणी होती? बारा बायका, बारा घरं. एक दिवस तहानलेली राहिलेली ती घरं एकमेकींकडं बोट दाखवू लागली. तिच्या शेजारणीनं तिच्याशी बोलणं टाकलं. आणि तो दवाखान्यातून आला तेव्हा हात गळ्यात बांधलेला होता, आणि त्यानं आईला पहिला सवाल केला तो उण्या घागरींचाच. हे मला त्याच्याकडूनच पुढं कळलं.

मी कारखान्यात गेलो. टाइम ऑफिस, खोली, संघ. राज्यापर्यंत खेळलो. खोटं कशाला सांगू, चांगला खेळलो. पदकं खरी आहेत. कधीही कुठल्याही मैदानावर काळी माती बघितली की मी पंचाच्या नकळत टाच आपटून बघायचो. सहकारी म्हणायचे, याची सवय चांगली आहे.

दहा-बारा वर्षांनी तेरला शाळांच्या मुलींचे सामने होते. कारखान्यातर्फे बक्षीस द्यायला मला धाडलं होतं. तिथं तो होता. एका खेड्यातल्या शाळेच्या मुली घेऊन आलेला. शाळेचा शिपाई होता तो, मास्तरही नव्हे. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. सामन्याआधी त्यानं मुलींना दोन्ही खांबांजवळ नेलं आणि म्हणाला, "रंग बघू नगा. बोटं घाला. पार मुळापतोर घाला." नऊ मुली उकिडव्या बसून मातीत बोटं घालत होत्या. प्रेक्षकांतलं कुणीतरी ओरडलं, "पेरणी करता का गं?" त्या हसल्या नाहीत. मग उठल्या आणि समोरच्या संघाला त्यांनी डावानं हरवलं. त्यातल्या दोघी पुढं राज्याच्या संघात गेल्या. असा माणूस स्मरणिकेत नाही.

बक्षीस देताना मी त्याच्याशी बोललो. बोलणं भाग होतं. "ओळखलंस का?" म्हणालो.

"साहेब, तुम्हाला कोण वळखत न्हाय?"

वर्गात एका बाकावर बसलेला माणूस मला 'तुम्ही' म्हणत होता. 'तू' म्हणायला सांगायचं धाडस मला झालं नाही.

"आई कशी आहे?"

"हाय. दवाखान्यातनं आल्या आल्या घागरींचंच इचारलं, लई बोललो तिला तवा. बोलू ने ते बोललो. तवापासनं तिनं खो-खोचा सामना बघितला न्हाय. पोरी जितून आल्या तरी दारात येत न्हाय." मग त्यानं माझ्याकडं सरळ बघितलं. "साहेब, एक इचारू? तुमी हुबे हुता. घागरी किती उण्या हुत्या? निम्म्या, का थोड्याच? एवढं सांगा."

लोक होते, पण जवळ कुणी नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं.

"आता आठवत नाही रे," मी म्हणालो. "लई वर्षं झाली."

"असू द्या," तो म्हणाला आणि ढाल काखेत घेऊन, डाव्या हातानं मुलींना गोळा करत एसटीकडं गेला. त्याला कळलं होतं का? मला वाटतं कळलं होतं. त्याला फक्त माझ्या तोंडून हवं होतं, स्वतःसाठी नाही, घरी न्यायला.

माझा बाप गेला. सर गेले. सरपंच गेले. त्याची आई आहे. ऐंशीच्या घरात आहे, डोळे गेलेत, कान शाबूत आहेत, असं गावाकडून कळतं. त्या बारा बायकांपैकी आणखी तिघी आहेत. कोण कुठं राहतं ते मला माहीत आहे, एसटीची वेळही माहीत आहे. शाळेला मी चार पानं पाठवणार नाही, फोटो काढा म्हणून लिहिणार आहे. पण ते सोपं काम आहे आणि त्यानं कुणाचं काही फिटत नाही.

माझं देणं एवढंच आहे: मी तिच्या दारात जायचं, तिला, तिच्या मुलाला आणि त्या तिघींना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं की तुमच्यातल्या कुणीही पाणी मागं ठेवलं नव्हतं, ते मी चोरलं आणि दोनदा खोटं बोललो. हे देणं अजून दिलेलं नाही.